न हलणारा चेहरा



बाहुलीचा चेहरा एकदा घडवला की घडवला. तो हसत नाही, रडत नाही. मग तिच्या मनात काय चाललंय, हे प्रेक्षकाला कळायचं कसं? किहाचिरो कावामोतो या जपानी कलावंतानं जन्मभर या प्रश्नाचा पिच्छा पुरवला.

कावामोतोंचा जन्म 1925 चा, टोकियोतला. शिक्षण वास्तुकलेचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते तोहो चित्रपटसंस्थेच्या कलाविभागात लागले. तिथला कामगारसंघर्ष गाजला आणि 1950 मध्ये त्यांची नोकरी गेली. मग ते जाहिराती आणि मुलांची पुस्तकं यांच्यासाठी बाहुल्या बनवू लागले. स्टॉप मोशनचे पहिले धडे त्यांना तादाहितो मोचिनागा यांनी दिले. या तंत्रातल्या बाहुलीला कळसूत्रीसारखी दोरी नसते. हात केसभर सरकवायचा, एक चित्र टिपायचं, पुन्हा सरकवायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. दिवसभर राबावं, तेव्हा कुठे काही क्षण हाती लागतात.

यिर्झी त्रन्का या चेक कलावंताचे बाहुलीपट पाहून कावामोतो भारावून गेले होते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, 1963 मध्ये, ते शिकायला थेट प्रागला गेले. युरोपची शैली आत्मसात करावी, एवढीच त्यांची ओढ असणार. पण त्रन्कांनी त्यांना सांगितलं, की तुमच्या देशाची परंपरा एवढी संपन्न आहे, तिच्याकडे वळा. मला हा गुरू फार मोठा वाटतो. दारी आलेल्या शिष्याला आपल्यासारखं न करता त्याच्या घराची वाट दाखवायला मन मोठं लागतं.

कावामोतो परतले ते जपानच्या पारंपरिक ‘नो’ नाटकाकडे. नोमधला मुखवटाही स्थिरच असतो. नट मान किंचित खाली झुकवतो, मुखवट्यावर सावली पडते आणि तो खिन्न दिसू लागतो. मान जरा वर उचलली, की त्याच मुखवट्यावर प्रकाश येऊन तो खुलतो. कावामोतोंनी हे मर्म बाहुलीत उतरवलं.

त्यांचा ‘दोजोजी’ हा चित्रपट 1976 चा. यात्रेला निघालेला तरुण भिक्षू एका घरी मुक्काम करतो. त्या घरची स्त्री त्याच्यावर भाळते. परत येईन, असं सांगून तो सुटका करून घेतो, पण येत नाही. ती त्याच्या मागे धावत सुटते, नदीत उतरते आणि नागीण होते. तो देवळातल्या घंटेखाली लपतो, तर ती घंटेला विळखा घालते आणि तो आत जळून जातो. तिची वाट पाहण्याची घालमेल झुकलेली मान, अडखळणारं पाऊल आणि वाऱ्यावर उडणारी बाही एवढ्यांतून आपल्यापर्यंत पोचते.

जपानमध्ये घरोघरी त्यांचं नाव झालं ते दूरदर्शनमुळे. एनएचके या जपानी वाहिनीवर 1982 ते 1984 या काळात चाललेल्या ‘तीन राज्यांची कथा’ या मालिकेसाठी त्यांनी शेकडो बाहुल्या घडवल्या. त्या माणसं हातांनी आणि काठ्यांनी चालवत. पात्राचा स्वभाव चेहऱ्यात आधीच कोरून ठेवण्याचं त्यांचं कसब तिथे दिसतं. तरीही माझं मन त्यांच्या छोट्या चित्रपटांपाशीच रेंगाळतं.

मित्रधर्मही त्यांनी निभावला. बाहुलीपटकार तादानारी ओकामोतो यांच्यासह त्यांनी बाहुलीपटांचे खेळ केले होते. ओकामोतो 1990 मध्ये अर्धा चित्रपट मागे ठेवून गेले, तेव्हा तो कावामोतोंनी पुरा केला. स्वतःचा ‘मृतांचा ग्रंथ’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट त्यांनी 2005 मध्ये, ऐंशीव्या वर्षी सादर केला. पुढे पाच वर्षांनी ते गेले. त्यांच्या बाहुल्या इइदा शहरातल्या त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहेत.

त्यांचं काम पहिल्यांदाच पाहणाऱ्यांनी 1972 च्या ‘ओनी’ (म्हणजे राक्षस) या चित्रपटापासून सुरुवात करावी. जेमतेम आठ मिनिटांचा आहे. दोघे शिकारी भाऊ रात्री रानात दबा धरून बसतात. अंधारातून एक हात येऊन एकाला धरतो, दुसरा बाण मारून तो हात तोडतो. तुटलेला हात घेऊन ते घरी येतात आणि आतून म्हाताऱ्या आईचं कण्हणं ऐकू येतं.