लेण्यांची भिंत

देऊळगांव राजाच्या परिसरांतला खडक काळा, लाव्हारसाचा. चुनखडीच्या गुहा तेथें शोधणें व्यर्थ. चुनखडी पाण्यांत विरघळते, काळा पाषाण फटींनीं दुबळा होतो. अजिंठ्याचीं लेणीं अशाच पाषाणांत कोरलेलीं आहेत.

अशा भिंतीची परीक्षा कशी करावी? हातोडीनें हलकेंच ठोकावें. बद्द आवाज आला कीं आंत पोकळी समजावी. भेगेवर कांचेची पट्टी बसवावी. ती तडकली तर भेग वाढते आहे. मग सुटूं पाहणारा खडक पोलादी गजांनीं मागच्या घट्ट थरास जखडतात. परंतु वरून झिरपणारें पाणी वळविल्यावांचून हें सारें फुकट!

१९२० सालीं निजाम सरकारनें चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस अजिंठ्यास आणलें. त्यांनीं चित्रांचा सुटलेला गिलावा जागीं बसविला. पण लाखेचें रोगण पुढें पिवळें पडलें. तें काढतांना खालचा रंगहि निघेल, ही धास्ती उरलीच.