संगणकाच्या सुट्या भागांचे वाचनालय



या व्यासपीठाला विद्वानांची परंपरा आहे. मी शाळा लवकर सोडलेला आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत करारनामे वाचून व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून मिळविलेला मनुष्य. म्हणून 'वाचनालय' या शब्दावर माझा अंमळ अधिक लोभ आहे, आणि आजचा विषय वाचनालयाचाच आहे. मात्र याच्या फळ्यांवर पुस्तके नाहीत, संगणकाचे जुने सुटे भाग आहेत.

एका घरात वाचून झालेले पुस्तक वाचनालयात गेले की शंभर हातांतून फिरते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले, तेव्हापासून आपण हे पाहत आलो आहोत. मग माळ्यावर पडलेल्या संगणकाने काय पाप केले आहे? संगणक बिघडला म्हणजे तो सगळा बिघडत नाही. एसएमपीएस जळतो, पण रॅमची पट्टी शाबूत असते. हार्ड डिस्क जाते, पण प्रोसेसर आणखी दहा वर्षे राबेल असा असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत देखभाल सर्वसाधारणपणे बंद झाली. नवी विंडोज ११ आपल्या अटीत न बसणारी यंत्रे स्वीकारीत नाही, म्हणून हातीपायी धड असलेली यंत्रे निवृत्त होत आहेत. त्यांच्यावर लिनक्स घालून कामे चालतात. थोडी रॅम वाढविली आणि जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, तर म्हातारे यंत्रही तुरुतुरु चालू लागते.

ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. अमेरिकेतील पोर्टलंड शहरी २००० साली 'फ्री गीक' नावाची संस्था निघाली. लोकांनी दिलेली यंत्रे स्वयंसेवक तेथे उघडतात, भाग तपासतात, चांगले भाग जोडून नवे यंत्र उभे करतात. काही तास काम करणाऱ्याला त्या कामाच्या बदल्यात संगणक मिळण्याची सोय तेथे होती. मला ही गोष्ट फार आवडली. कारण तीत कोणी कोणापुढे हात पसरीत नाही.

खरे सांगावयाचे तर 'दान' हा शब्दच मला रुचत नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, अशी त्याची मांडणी आहे. शिवाय दानात माणूस नको असलेली वस्तू देतो. वाचनालयात मात्र सभासद असतो, त्याची थोडी अनामत असते, नोंदवही असते, आणि मुदतीत वस्तू परत आणण्याची जबाबदारीही असते. संगणकाच्या बाबतीत हे उसने नेणे फार उपयोगी पडते. यंत्र सुरूच होत नाही, तर दोष कोठे आहे? एक चांगला एसएमपीएस लावून पाहावा, मग चांगली रॅम लावून पाहावी. हाच गल्लीतल्या कारागिराचा खरा मार्ग. पण घरी शिकणाऱ्या कामगाराच्या मुलाजवळ लावून पाहण्यापुरता चांगला भाग कोठून यावा? आठ दिवसांसाठी तो फळीवरून नेता आला, तर मुलगा दुरुस्तीही करील आणि विद्याही शिकेल.

आता देणाऱ्यांशी दोन शब्द. हार्ड डिस्क देण्यापूर्वी ती नीट पुसा. नुसते फॉरमॅट केले की माहिती गेली, अशी समजूत सार्वत्रिक आहे आणि ती खोटी आहे. साध्या डिस्कवर सर्वत्र नवे लिखाण करावे लागते, आणि एसएसडीला तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. रॅम साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, स्थिर विजेने ती मरते. चंदेरी पिशवी हवी. तिच्यावर डीडीआर-३ की डीडीआर-४ तेवढे लिहा, कारण एकीची पट्टी दुसरीच्या जागेत बसतच नाही. एसएमपीएस कुतूहलापोटी उघडू नका, त्यात वीज साठून राहते.

आणि कचरा आणून टाकू नका! संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत् कचरा निघाला, आणि त्याचा चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद नाही. उरलेला कोठे जातो, ते दिल्लीच्या सीलमपूरमध्ये दिसते. तेथे हातांनी यंत्रे फोडतात. तांब्यासाठी तारा जाळणारा आणि तेजाबात सर्किट बुडविणारा माणूसही कामगारच आहे, फक्त त्याचे नाव कोणाच्या हजेरीपटावर नाही. म्हणून वाचनालयाने मेलेला भाग भंगारवाल्याला वजनावर विकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच तो द्यावा, मग पैसे कमी आले तरी चालतील.

एक हट्ट मात्र मी सोडणार नाही. भाग तपासणारा कारागीर पगारी हवा. सेवाभावाच्या नावाखाली एखाद्या गरजू पोराला वर्षभर फुकट राबविणे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. वर्गणीचा पहिला खर्च त्याची मजुरी, दुसरा भाडे. जागेसाठी एक कपाट आणि एक टेबल पुरते. आरंभी रॅम, एसएमपीएस, डिस्क आणि कीबोर्ड एवढेच घ्यावे. जुने काचनळीचे मॉनिटर घेऊ नयेत, त्यांच्या काचेत शिसे असते आणि दोन आले की खोली भरते.