तिसरा फटका आणि पुढची पातळी



पिकलबॉल झपाट्याने पसरला याचे जे मुख्य कारण सांगितले जाते ते असे की, नवख्या माणसाला हा खेळ तासाभरात खेळता येतो. आणि ज्या खेळात प्रवेश इतका सोपा असतो, त्यात मधल्या पातळीवर येऊन अडकलेल्यांची संख्याही साहजिकच मोठी असते. विदर्भातील प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक व खेळाडूंच्या परिषदेतील प्रस्तुत भाषणाचा विषय हा अडकलेला खेळाडू आहे. त्याच्या हातात फटके असतात, पायांत वेग असतो, रोज पहाटे कोर्टवर हजर राहण्याची चिकाटीही असते, आणि तरीही वर्ष उलटले तरी तो त्याच जोड्यांकडून हरत राहतो. त्याची उणीव मनगटात किंवा महागड्या पॅडलमध्ये शोधण्याचा प्रघात आहे; येथे मांडावयाचे आहे ते असे की, ही उणीव बहुतांशी नियमांच्या आकलनात असते, कारण या खेळातील डावपेच नियमांतूनच निपजतात.

१९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टवर हा खेळ रचला, त्यामुळे त्याचे मैदान आजही बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच, म्हणजे ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. ज्या बॅडमिंटनला एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी ‘पूना’ म्हणत, त्याचेच मैदान अमेरिकेची फेरी करून दुसऱ्या खेळाच्या रूपाने महाराष्ट्रात परत आले, हा योगायोग गमतीचा खरा. भारतात हा खेळ रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांच्याकडे जाते. त्यांच्या पुढाकाराने २००८ साली ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली. पुढे २०२५ साली केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. संघटनांच्या इतिहासाचा आणि त्यांच्यातील वादांचा विचार अन्यत्र व्हावा.

नियमांपैकी दोन नियम निर्णायक आहेत. पहिला दोन टप्प्यांचा: सर्व्हिस घेणाऱ्याने चेंडूचा एक टप्पा पडू द्यावा लागतो, आणि त्याने परतवलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्या जोडीनेही टप्पा पडल्यावरच मारावा लागतो. दुसरा किचनचा: नेटच्या दोन्ही बाजूंना सात फुटांचा एक पट्टा असतो, आणि त्यात उभे राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्यापूर्वी हवेतच मारलेला फटका, मारता येत नाही, इतकेच नव्हे, तर व्हॉली मारल्यानंतर तोल जाऊन पाय त्या पट्ट्यात पडला तरी तो दोष ठरतो. या दोन नियमांचा एकत्र परिणाम असा होतो की, रिटर्न करणारी जोडी लगेच किचनच्या रेषेवर येऊन उभी राहते, तर सर्व्हिस करणारी जोडी टप्प्याची वाट पाहत नेटपासून २२ फूट मागे, शेवटच्या रेषेपाशी अडकून पडते. टेनिसमध्ये सर्व्हिस हे शस्त्र असते. येथे ती ज्याच्या हाती, तो मुळातच मागे असतो. त्यातही प्रचलित गुणपद्धतीत गुण मिळतो तो फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. म्हणजे ज्या वेळी गुण मिळू शकतो, नेमकी त्याच वेळी मैदानावरची जागा प्रतिकूल असते, आणि ही प्रतिकूलता दूर करण्याचे साधन म्हणजे तिसरा फटका.

सर्व्हिस हा पहिला फटका, रिटर्न हा दुसरा आणि सर्व्हिस करणाऱ्या जोडीने त्यावर दिलेले उत्तर हा तिसरा. या तिसऱ्या फटक्यावर मधल्या पातळीचा खेळाडू बहुधा जोरकस सपाट ड्राइव्ह मारतो आणि रेषेवर पॅडल उचलून उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला आयतीच व्हॉली देतो. वरच्या पातळीवर येथे मुख्य आधार असतो तो ड्रॉपचा. ड्रॉप म्हणजे असा मऊ फटका की ज्याचा सर्वांत उंच बिंदू स्वतःच्याच बाजूला येतो, चेंडू नेट ओलांडताना खाली उतरत असतो आणि समोरच्या किचनमध्ये पडतो. परिणामी प्रतिस्पर्ध्याला तो खालून वर उचलावा लागतो, आणि जो वर उचलतो त्याला हल्ला करता येत नाही. बहुतेकांचा ड्रॉप नेटमध्ये जातो किंवा उंच राहतो, कारण ते चेंडू शरीराच्या बाजूला येईपर्यंत थांबतात आणि मग मनगटाने तो ढकलतात. चेंडूशी संपर्क पुढच्या गुडघ्याच्याही पुढे व्हावा, पकड सैल असावी, गुडघे वाकलेले असावेत आणि उचल खांद्यातून यावी, एवढे चार घटक साधले की मनगटाला काही करावेच लागत नाही. नेट दोन्ही कडांना ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच उंच असल्यामुळे मधोमध टाकलेल्या ड्रॉपला दोन इंचांची सवलतही मिळते.

ड्रॉप पडल्यावर पुढे धावायचे की नाही, हा प्रश्न त्या फटक्याइतकाच महत्त्वाचा असून तो शिकवला मात्र क्वचितच जातो. अनेक जोड्या चेंडू मारला की डोळे मिटल्यासारख्या पुढे सरकतात. वास्तविक किचनची रेषा आणि शेवटची रेषा यांच्यामधला पंधरा फुटांचा पट्टा एका दमात पार करण्याची सक्ती कोणावरच नाही. ड्रॉप खाली बसला आहे असे दिसले तर पुढे जावे; तो उंच राहिला आणि समोरच्याचे पॅडल वर उचलले गेले, तर त्याचा फटका बसण्यापूर्वीच दोन्ही पाय टेकवून जागीच थांबावे आणि पायाशी आलेला वेगवान चेंडू सैल पकडीने पुन्हा किचनमध्ये सोडावा. या बचावात्मक मऊ फटक्याला रिसेट म्हणतात. तिसऱ्या फटक्याने जे साधले नाही ते पाचव्याने किंवा सातव्याने साधता येते, एवढी समजूत पक्की झालेली जोडी निम्म्याहून अधिक घाईतून मुक्त होते. रिटर्न आखूड पडला असेल तर ड्राइव्ह मारणे योग्यच. पण तेथेही ड्राइव्हचा हेतू पुढचा चेंडू सोपा करून घेण्याचा असावा, थेट गुण मिळवण्याचा नव्हे.

नागपूरच्या संदर्भात एक गोष्ट वेगळी नोंदवावी लागते. ज्या शहराच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपन स्पर्धेत सायना नेहवालला हरवले, त्या शहरात बॅडमिंटनची परंपरा सांगण्याची गरज नाही. आणि म्हणूनच येथे पिकलबॉलकडे वळणारा प्रौढ खेळाडू पुष्कळदा बॅडमिंटनच्या सवयी घेऊनच येतो. नेटजवळ बोटांनी चेंडूचा वेग मारण्याची नजाकत ही त्यांतील सर्वांत मोलाची ठेव आहे. याउलट अडचणीत सापडताच चेंडू उंच व खोल उडवण्याची सवय घातक ठरते, कारण हवेत वेग गमावणाऱ्या शटलला जे संरक्षण मिळते, ते प्लॅस्टिकच्या चेंडूला मिळत नाही आणि आखूड पडलेला लॉब थेट डोक्यावरच्या स्मॅशला आमंत्रण देतो. याहून सूक्ष्म अडचण रेषेची आहे. बॅडमिंटनची आखूड सर्व्हिसची रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचनची रेषा सात फुटांवर. जेथे बॅडमिंटनच्या हॉलमध्ये वेगळी रेषा न आखता तीच जुनी रेषा किचन म्हणून वापरली जाते, तेथे खेळाडूचे पाय सहा इंच पुढे उभे राहण्यास सरावतात आणि स्पर्धेत पंच दोष देऊ लागल्यावर त्याला नवल वाटते. टेनिसमधून आलेल्यांची समस्या याच्या उलट असते: ते शेवटची रेषा सोडत नाहीत आणि पॅडल फार मागे नेतात.

चौघेही किचनच्या रेषेवर आले की खेळाचे स्वरूप पालटते. दोन्ही रेषांमध्ये अंतर केवळ १४ फूट उरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हवेचा अवरोध वगळता हे अंतर पाव सेकंदात पार करतो. नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून या शहरात प्रत्येक खेळाची तुलना बुद्धिबळाशी करण्याचा मोह वाढणे स्वाभाविक आहे, परंतु ती तुलना येथे अर्धीच लागू पडते, कारण पाव सेकंदात विचार होत नसतो. निर्णय चेंडू येण्यापूर्वीच झालेला असावा लागतो, आणि तो फटक्याविषयी नसून उंचीविषयी असतो: नेटच्या वर आलेल्या चेंडूवर हल्ला, नेटच्या खाली गेलेल्यावर डिंक. डिंक म्हणजे किचनच्या रेषेवरून समोरच्या किचनमध्ये अलगद टाकलेला चेंडू. तो समोरासमोर टाकण्यापेक्षा तिरका टाकणे अधिक सुरक्षित असते, कारण कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत सुमारे २४ फुटांचे अंतर मिळते आणि वाटेत नेटचा बुटका भाग येतो. डिंकचा हेतू मात्र केवळ चेंडू जिवंत ठेवण्याचा नसावा. प्रतिस्पर्ध्याच्या बाहेरच्या पायाशी दोन-तीन चेंडू टाकून त्याला बाजूला ओढावे आणि मग जोडीच्या मधली मोकळी जागा गाठावी, अशी साखळी डोक्यात हवी. वेग वाढवायचाच असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूच्या उजव्या खांद्याच्या आणि कमरेच्या मधला भाग नेमून मारावा, कारण तेथे आलेला चेंडू फोरहँडने घ्यायचा की बॅकहँडने, याचा गोंधळ उडून कोपर अडकते. वेगवान फटका परत येणारच असे धरून पॅडल छातीसमोर ठेवावे. स्वतःच्या फटक्याचे कौतुक पाहत उभ्या राहिलेल्या खेळाडूने कित्येक गुण गमावलेले आहेत.

दोघांमधल्या चेंडूचा वाद हा जोडीतील बेबनावाचे सर्वांत सामान्य कारण होय, आणि तो मैदानात मिटत नाही, आधीच मिटवावा लागतो. सामान्यतः तिरक्या बाजूने डिंक खेळणाऱ्याने किंवा ज्याचा फोरहँड मध्यभागी येतो त्याने तो चेंडू घ्यावा. डोक्यावरून गेलेल्या लॉबसाठी मात्र एकच नियम आहे: पाठमोरे होऊन धावावे, उलट्या पावलांनी मागे सरकू नये, कारण प्रौढ खेळाडूंना होणाऱ्या गंभीर दुखापती बऱ्याचदा असे मागे पडण्यातूनच होतात. चौदा फुटांवरून येणाऱ्या चेंडूसाठी डोळ्यांना संरक्षक चष्मा असावा, हेही प्रशिक्षकांनी भिडस्तपणा न ठेवता सांगावे.

विदर्भाचे हवामानही डावपेचांचा भाग आहे. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना तापलेला चेंडू मऊ पडतो आणि अधिक उसळतो, तर डिसेंबरच्या पहाटे तोच चेंडू कडक होतो, कमी उसळतो आणि लवकर तडकतो. हिवाळ्यात पक्का झालेला ड्रॉप उन्हाळ्यात उंच का राहतो, याचे उत्तर पुष्कळदा खेळाडूच्या हातात नसून चेंडूत असते. वारा असताना बाजूच्या रेषांचा मोह सोडून मध्यभागी खेळावे.

सरावाविषयी एवढेच म्हणावयाचे की, नुसते सामने खेळून तिसरा फटका सुधारत नाही, कारण एका सामन्यात तो वाट्याला येतो थोडाच. एकाने शेवटच्या रेषेवरून ड्रॉप टाकत हळूहळू पुढे यावे आणि दुसऱ्याने किचनच्या रेषेवरून चेंडू परत द्यावेत, तसेच अर्ध्या कोर्टवर एकास एक खेळावे. एवढ्या दोन प्रकारांत तंत्राचा मोठा भाग सामावतो. डीयूपीआर या २ ते ८ गुणांच्या मानांकनाकडे आज फार लक्ष लागलेले दिसते. मानांकन उपयुक्त आहे, पण ते घसरू नये म्हणून सोपे प्रतिस्पर्धी निवडणे ही प्रगतीशी केलेली फसवणूक आहे.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. खेळ पद्धतशीर शिकवण्याची आणि मांडण्याची वृत्ती या भूमीला नवी नाही. उपस्थित प्रशिक्षकांना विनंती अशी की, येत्या हिवाळी हंगामात प्रत्येकाने आपल्या खेळाडूंच्या सामन्यांची एक साधी वही ठेवावी, तिच्यात प्रत्येक रॅली कितव्या फटक्यावर संपली आणि ती कोणाच्या चुकीने संपली एवढेच मराठीत लिहावे, आणि पुढील परिषदेला त्या वह्या सोबत आणाव्यात.