आवाज दिसू लागतो तेव्हा

ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित करण्याचे आणि त्याची काटछाट करण्याचे मोफत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये त्याचे काम सुरू केले. मे २००० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर ते चालते. २०२१ पासून त्याची जबाबदारी म्यूज ग्रुपकडे आहे. त्याचा मूळ कोड मात्र पहिल्यासारखाच खुला आहे. तो कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो.

पूर्वी आकाशवाणी केंद्रांवर संकलन म्हणजे हातकाम असे. टेपवर खूण करायची, ब्लेडने तुकडा कापायचा आणि उरलेली टोके चिकटपट्टीने जोडायची. कापताना हात चुकला, तर शब्द गेलाच. ऑडॅसिटीत तीच कापणी पडद्यावर होते. मुद्रित आवाज निळ्या लहरींच्या रूपात समोर येतो. बोलणे सुरू असते तिथे लहरी उंच दिसतात, शांतता असते तिथे सपाट रेघ. लाल गोल बटणाने मुद्रण सुरू होते, स्पेस बार दाबला की आवाज वाजतो किंवा थांबतो. नको असलेला भाग माउसने निवडून डिलीट केला की निघून जातो. कंट्रोल आणि झेड दाबल्यावर तो परतही येतो. त्यामुळे शिकणाऱ्याला चुकीची भीती राहत नाही.

कापताना एक बारकावा पाळावा लागतो. लहर मधल्या रेषेच्या वर किंवा खाली असताना ती कापली, तर जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो. भाग निवडल्यानंतर फक्त झेड हे अक्षर दाबले, की निवडीची दोन्ही टोके लहर मधली रेषा ओलांडते अशा जवळच्या जागी सरकतात आणि सांधा ऐकू येत नाही.

समजा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर मुद्रित केल्या आहेत आणि मागे पंख्याची घरघर आहे. काही फोनच्या फाइली उघडण्यासाठी एफएफएमपेग हे मोफत जोडसाधन आधी बसवावे लागते. मग आजी श्वास घ्यायला थांबली असेल तिथला अर्धा-एक सेकंदाचा, नुसत्या घरघरीचा तुकडा निवडायचा. ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन त्याचा नमुना सॉफ्टवेअरला द्यायचा. त्यानंतर सगळी ओवी निवडून तोच परिणाम लागू केला, की घरघर खाली बसते. प्रमाण जास्त झाले, तर मात्र आवाज पत्र्यासारखा आणि पाण्याखालून आल्यासारखा होतो. ही युक्ती पंख्यासारख्या सलग गोंगाटावर चालते. मध्येच वाजलेला हॉर्न किंवा कुत्र्याचे भुंकणे तिने जात नाही.

म्हणून खरी काळजी मुद्रणाच्या वेळीच घ्यायची असते. पंखा बंद करावा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी शून्य डेसिबलला टेकू देऊ नये. उणे बारा ते उणे सहाच्या दरम्यान राहिली तर उत्तम. मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला आवाज नंतर कोणत्याही साधनाने पुरता सांधता येत नाही.

निवेदनाखाली तानपुरा किंवा संगीत हवे असेल, तर ते दुसऱ्या ट्रॅकवर घेता येते. ‘एन्व्हलप’ साधनाने ते निवेदनाच्या वेळी मंद आणि मधल्या जागी मोठे करता येते.

जतन करण्याचे दोन प्रकार नीट ओळखून घ्यावेत. ‘सेव्ह’ केल्यावर तयार होणारी फाइल ऑडॅसिटीतच उघडते. तिच्यात सगळे ट्रॅक वेगवेगळे राहतात. इतरांना ऐकवायची फाइल ‘एक्स्पोर्ट’ करून मिळते. पाठवण्यासाठी एमपी३ पुरते, कारण ती आकाराने लहान असते. कायम जपण्यासाठी वेव्ह फाइल घ्यावी. नेहमीच्या दर्जाच्या एकेरी, म्हणजे मोनो ध्वनिमुद्रणाला तिच्यात मिनिटामागे सुमारे पाच मेगाबाइट जागा लागते, पण आवाजातले काहीही गाळले जात नाही. मूळ मुद्रणाची प्रत कधीही पुसू नये. सगळी काटछाट दुसऱ्या प्रतीवर करावी.

सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि पहिली काटछाट एका दुपारीत जमते. काटछाट पुढच्या वर्षीही करता येईल. ओव्यांचे मुद्रण मात्र त्या म्हणणारी माणसे घरात आहेत तोवरच करून ठेवावे.