आईच्या ओव्या आणि एक हलका एसएमपीएस



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि जीवन’ असा विषय दिला होता. तो मी सोडून देते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. इंजिनिअरिंगची पदवी आणि वीस वर्षांची सॉफ्टवेअरची नोकरी असूनही मला जे हात पोळल्यावरच कळलं, तेवढं सांगते. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर जुळवायचा, तर कोणत्या भागावर पैसे घालायचे. आपल्यातले काही जण भजनी मंडळात आहेत, त्यांच्या तरी कामाला येईल.

आपलं गंगाखेड जनाबाईंचं गाव. जात्याचं आणि गाण्याचं नातं इथे कुणाला समजावून सांगायला नको. माझी आई आणि मावशी दोघी जात्यावर बसायच्या. एकीने ओवी टाकली की दुसरी उचलायची. २०२१ च्या दिवाळीत मी ठरवलं, हे सगळं नीट रेकॉर्ड करायचं. घरात जुना कॉम्प्युटर होता, त्याचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बंद पडला होता. बाजारातून सातशे रुपयांत नवा आणला. डब्यावर ४५० वॅट लिहिलं होतं. हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका. तेव्हाच शंका यायला हवी होती. पुण्यात रोज सर्व्हरच्या भरवशाबद्दल लांबलचक मिटिंगा करणारी मी, आईच्या घरी म्हटलं, ‘चालतंय की.’

दोन दिवस दोघी गायल्या. मावशी मधूनच थांबून म्हणायची, ‘अगं माय, हे मव्हं गाणं कोण ऐकणार हाय?’ दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, आली. तुम्हाला आपली लाईट माहीत आहे. तिसऱ्यांदा हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज आला आणि ती उघडलीच नाही. पुण्याला नेऊन दाखवली. बरीच खटपट होऊन नऊ मिनिटं परत मिळाली. मावशी त्या फाल्गुनात गेली.

आता कारण सांगते, कारण ते साधं आहे. वीज क्षणभर गेली तरी चांगला एसएमपीएस आपल्या पोटातल्या कपॅसिटरवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, ती फट त्या साठ्यावर भरून निघते. म्हणजे यूपीएस आणि एसएमपीएस ही जोडी आहे. स्वस्त डब्यात कपॅसिटरच लहान असतो, त्यामुळे पुढे यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडू शकतो. आमच्याकडे तर यूपीएसच नव्हता. फिरत्या हार्ड डिस्कला असे झटके एकामागून एक बसले, त्यात ती जुनी. मी दोष विजेला देत नाही. लाईट जाणार हे मला लहानपणापासून माहीत होतं.

दुसऱ्यांदा जुळवणी केली तेव्हा पैशांचा क्रमच बदलला. दुकानदार आधी प्रोसेसर विचारतो आणि मग ग्राफिक कार्ड गळ्यात मारतो. गाण्यासाठी ग्राफिक कार्डाची गरज नाही, उलट त्याचा पंखा माइकमध्ये घुसतो. प्रोसेसर मध्यम, तीन-चार वर्षांपूर्वीचाही चालेल. रॅम १६ जीबी पुष्कळ झाली, पण लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवा. एक जरी चूक दाखवली तरी सकाळी परत करा. पहिला मोठा खर्च एसएमपीएसवर, वजनदार, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. दुसरा यूपीएसवर. त्याची बॅटरी आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत मान टाकते, म्हणून तारीख डब्यावर खडूने लिहून ठेवा. डिस्क एसएसडीच घ्या. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे तिचा आवाजही नाही. पण बिल घेऊन घ्या. ‘दोन टीबी’ लिहिलेल्या आणि आत ६४ जीबी निघालेल्या डिस्का मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या नव्याने आणल्या की काठोकाठ भरून परत वाचून बघायच्या. पंखा मोठा, १२० किंवा १४० मिलिमीटरचा आणि सावकाश फिरणारा. छोटा पंखा मेमध्ये ४४ डिग्रीला केकाटतो.

जागेची काळजी नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकचं रेकॉर्डिंग तासाला साधारण ५२० एमबी होतं. अख्ख्या गावाच्या ओव्या एका लहान डिस्कवर मावतील. पण प्रत तीन ठिकाणी हवी. माझी एक गंगाखेडला, एक पुण्यात आणि एक इंटरनेटवर असते.

एवढं सगळं करूनही माइकमधून ‘हूं’ असा घुमणारा आवाज यायचा. मी साउंड कार्ड बदललं, केबल बदलली, नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी लॅपटॉपवर जोडून चार्जर काढला तर आवाज गायब! म्हणजे दोष अर्थिंगचा. आमच्या घराच्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेला होतं. वायरमनने अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून दिलं. पुढच्या मेमध्ये ‘हूं’ परत हजर. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि अर्थिंगची पकड सुटते. आईने दोन बादल्या पाणी ओतलं, आवाज बसला. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी तिथे पाणी घालणं हे आईचं काम.

मला पोळलं ते दुसऱ्या कुणी आधीच नीट केलं होतं, हे मागाहून कळलं. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. नव्वदच्या दशकात घेतलेला त्यांचा आवाज आज ‘पारी’च्या संग्रहात कुणालाही ऐकता येतो. मी तो आईला ऐकवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘हिची चाल आपल्यापेक्षा थोडी वेगळी हाय.’

एकटीने गायला आई तयारच नव्हती. म्हणाली, ‘उचलायला कुणी नाही तर टाकू कुणाला?’ मग ती नऊ मिनिटं मी हेडफोनवर लावली. मावशीची ओवी आली की आई उचलते. इथे आणखी एक तांत्रिक गोष्ट आली. कॉम्प्युटरमधून फिरून येणारा स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर माणूस अडखळतो. बफर २५६ ठेवला तर त्याचाच उशीर ५ मिलिसेकंदांच्या वर जातो, येता-जाता तो दुप्पट होतो. म्हणून साउंड कार्ड घेताना त्यावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे ना ते बघा. त्याने आपला आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. आईचा उपाय त्याहून सोपा होता. तिने हेडफोन एका कानावरून सरकवला. एका कानात मावशी, दुसऱ्यात ती स्वतः.

आतापर्यंत एकशे बारा ओव्या झाल्यात. नऊ मिनिटं संपली तरी ती आता थांबत नाही. स्वतःच टाकते, मध्ये तेवढी जागा सोडते, आणि पुढची गाते. त्या मोकळ्या जागा मी कापत नाही.

सगळी जुळवणी गंगाखेडच्या घरी मांडलेली आहे. तुमच्यापैकी कुणाची आई, आत्या, सासू गात असेल तर घेऊन या. दोन दिवस आधी फोन करा, म्हणजे लाईटचं वेळापत्रक बघता येईल. पहाटे पाचला यावं लागेल, तेव्हा पंखा बंद ठेवता येतो आणि रस्त्यावर गाड्या नसतात. मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवायचे. चहा आई करते.