निरोप्या कोणाचा?



मजकूर सांकेतिक केला की गुप्तता साधली, हा समज अपुरा आहे. टपाल्याने पत्र वाचले नाही, तरी पाकिटावरचे पत्ते त्याला दिसतातच! व्हॉट्सॲपचेही तसेच. मजकूर कंपनीला वाचता येत नाही. पण कोण कोणाशी आणि केव्हा बोलले, हे तिच्या सर्व्हरला कळू शकते.

'मॅट्रिक्स' या २०१४ सालच्या खुल्या प्रणालीने टपाल कचेरीची मक्तेदारीच मोडली. ई-मेलप्रमाणे ज्याने त्याने आपला सर्व्हर उभारावा आणि इतरांच्या सर्व्हरशी बोलावे. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याच पायावर स्वतःची संदेशसेवा सुरू केली. जर्मन सैन्यानेही तोच मार्ग धरला. राज्यकारभाराचे बोलणे परक्या कंपनीच्या ओसरीवर नको, हा बाणा मला मोलाचा वाटतो. अर्थात, सर्व्हर चालविणाऱ्याला पत्ते येथेही दिसतात. 'ब्रायर'ने म्हणून मधला सर्व्हरच काढून टाकला. त्याचा निरोप 'टॉर' जाळ्याच्या आडवाटेने जातो. इंटरनेट बंद असल्यास जवळच्या फोनवर ब्लूटूथने.

आता अवघड भाग. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ ॲपवर बंदी घातली. काश्मीरमधील दहशतवादी ती वापरतात, हे कारण. त्यांत ब्रायर होते आणि मॅट्रिक्सवर चालणारे 'एलिमेंट'ही. जवानांच्या जिवाचा प्रश्न असताना सरकार स्वस्थ बसणार नाही, बसूही नये. परंतु बंदी ॲपवर पडते, प्रणालीवर नव्हे. मॅट्रिक्सचे दुसरे एखादे ॲप घेतले, की तोच सर्व्हर पुन्हा बोलू लागतो.