दाम मागणाऱ्याच्या पदरी दान
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



युरोपातील कृषिमंत्र्यांच्या बैठकीचा यवतमाळच्या कापूस उत्पादकाशी संबंध काय, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर शकुंतलेच्या अरुंद रुळांनी गेल्या शतकाच्या आरंभीच देऊन ठेवले आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर हा लोहमार्ग ब्रिटिश कंपनीने घातला तो येथील कापूस मुंबई बंदराकडे आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी. ती गाडी आता थांबली आहे. पण भाव ठरण्याचे ठिकाण एकदा जिल्ह्याबाहेर गेले ते परत आलेले नाही.

एप्रिल २००४ मध्ये युरोपीय संघाचे कृषिमंत्री लक्झेंबर्ग येथे कापसाच्या अनुदानाचा विचार करण्यास बसले. तोवर तेथील व्यवस्था अशी होती : कच्च्या कापसावर आयातकर नसल्याने गिरण्यांना जगाच्या भावाने कापूस मिळे, मात्र ग्रीस व स्पेनमधील शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव मिळावा म्हणून मधली तफावत संघाचा खजिना जिनिंग कारखान्यांमार्फत भरून देई. मंत्र्यांनी ठरवले की, साहाय्याचा ६५ टक्के भाग पिकापासून वेगळा करावा आणि ३५ टक्के कापसाखालील क्षेत्राशी जोडलेला ठेवावा. एवढीही कपात स्पेनला मानवली नाही. त्या सरकारने न्यायालय गाठले आणि २००६ मध्ये निकाल आपल्या बाजूने मिळवला.

युरोपचा कापूस जगाच्या मानाने थोडा. भाव पाडण्यात अमेरिकेच्या अनुदानाचा हात मोठा. २००३ साली कानकुन येथील जागतिक व्यापार परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी ही अनुदाने बंद करा, अशी मागणी केली. परिषदेच्या मसुद्याने त्यांना उत्तर दिले ते कापूस सोडून अन्य उद्योगांकडे वळण्याचे! २००५ मध्ये हाँगकाँगला कापसावरील निर्यात अनुदान थांबवण्याचे ठरले, विकाससाहाय्याची आश्वासनेही मिळाली. पण मोठा वाटा असलेले देशांतर्गत अनुदान पुढच्या वाटाघाटींवर ढकलले गेले. मागितला होता दाम. पदरी पडले दान.

यवतमाळचा अनुभव याहून निराळा नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत दोष होते. तरी भावाची जबाबदारी शासनाची, हे तत्त्व तिने मान्य केले होते. २००२ नंतर खासगी व्यापाऱ्याला वाट मोकळी झाली आणि ते तत्त्वच ढासळले. पुढे आत्महत्यांनी देश हादरला तेव्हा, जुलै २००६ मध्ये, विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज पंतप्रधानांनी घोषित केले. थकलेले व्याज माफ झाले, पाटबंधाऱ्यांना पैसा मिळाला. कापसाच्या भावाचा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला.

परदेशात आपले मंत्री श्रीमंत राष्ट्रांच्या अनुदानाविरुद्ध आवेशाने बोलतात. तो आवेश योग्यच आहे. पण १९ ऑगस्ट २०२५ रोजी याच देशाच्या सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले; प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वर्षअखेरपर्यंत. शेतात सीतादही करून पहिली वेचणी सुरू व्हावी, नेमक्या त्याच हंगामात बंदरे मोकळी!

गिरण्यांना स्वस्त कापूस हवा आणि त्यांवर लाखो कामगारांची चूल अवलंबून आहे, हा युक्तिवाद खोटा नाही. समाजवाद्याने कामगाराला शेतकऱ्याविरुद्ध उभे करू नये. परंतु स्वस्त कापूस ही राष्ट्राची गरज असेल, तर तिची किंमत राष्ट्राच्या खजिन्याने द्यावी. कोरडवाहू शेतकऱ्याने आणि कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीने नव्हे. युरोपच्या मंत्र्यांना हे कळते, कारण त्यांचा शेतकरी त्यांना ते विसरू देत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव एकच मागणी न्यावी : आयातशुल्काला हात लावायचा असेल, तर पेरणीपूर्वी सांगा आणि त्याने भाव पडला, तर तफावत भरून द्या. पॅकेजची वाट पाहणारा शेतकरी याचक ठरतो. भावाचा हिशेब मागणारा नागरिक असतो.